‘मुक्त’ कोण करतो? : एका शब्दाचा मराठी इतिहास

मराठीत बंधनातून सुटण्याच्या घटनेसाठी शब्दांची टंचाई नाही. सुटका, सोडवणूक, मोकळीक, मुक्तता, मुक्ती, मोक्ष हे शब्द कोशात एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले आढळतात. वापरात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. न्यायालय आरोपीची ‘निर्दोष मुक्तता’ करते, त्याला मोक्ष देत नाही. बदली झालेला अधिकारी ‘कार्यमुक्त’ होतो. तो ‘सुटला’ असे सहकारी म्हणतात ते त्याच्या पाठीमागे. बाळंतीण ‘मोकळी होते’, आणि दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की आप्तेष्ट हळू आवाजात ‘सुटला बिचारा’ एवढेच म्हणतात. जन्म, मरण, तुरुंग आणि कचेरी या सर्वांना पुरून उरणारे हे शब्दकुल आहे.

अर्थच्छटांची ही यादी वाढवत नेणे सोपे आहे आणि मनोरंजकही. परंतु प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. सुटण्याच्या प्रत्येक घटनेत तीन गोष्टी गृहीत असतात : सुटणारा, बंधन आणि सोडणारा. यांपैकी तिसऱ्याचे, म्हणजे सोडणाऱ्याचे, भाषा काय करते? त्याला पुढे आणते, झाकते की वगळते? गेल्या साडेतीनशे वर्षांच्या महाराष्ट्राच्या इतिहासातील काही प्रसंग या एका प्रश्नाच्या अंगाने वाचले, तर असे दिसते की शब्दाची निवड ही अनेकदा राजकीय निवड होती, आणि तिची किंमत काही माणसांनी आजवर मोजली आहे.

व्याकरणाची साक्ष

प्रथम व्याकरण. ‘मुक्त’ हा ‘मुच्’ धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून झालेला शब्द. ‘मुच्’ म्हणजे सोडणे. हा सकर्मक धातू आहे, आणि सकर्मक धातूला लागलेला ‘क्त’ कर्मणी अर्थ देतो. म्हणून ‘मुक्त’ याचा शब्दशः अर्थ ‘सोडला गेलेला’. मुक्त माणूस हा त्या क्रियेचे कर्म आहे; कर्ता वाक्याबाहेर उभा आहे. याच धातूपासून इच्छार्थक रूपाने ‘मुमुक्षू’ हा शब्द होतो. सुटण्याची इच्छा मुमुक्षूची स्वतःची, पण ती फळाला आली की तो पुन्हा कर्मणी ‘मुक्त’च होतो.

याच्या शेजारी ‘स्वतंत्र’ हा शब्द ठेवून पाहावा. ज्याचे तंत्र स्वतःचे तो स्वतंत्र. पाणिनीने कर्ता या कारकाची व्याख्या करताना नेमका हाच शब्द वापरला आहे : क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने स्वतंत्र हा कर्त्याचा गुण आणि मुक्त ही कर्माची अवस्था. आज आपण भाषणात ‘स्वतंत्र आणि मुक्त’ असे दोन्ही शब्द एका श्वासात उच्चारतो, तेव्हा हे अंतर विसरलेले असतो.

मराठीचा स्वतःचा धातू ‘सुट’ हा आहे. हिंदीत जेथे ‘छ’ येतो तेथे मराठीत अनेकदा ‘स’ येतो : छुरी–सुरी, पूछना–पुसणे, तसेच छूटना–सुटणे आणि छोड़ना–सोडणे. यांतील ‘सुटणे’ हे अकर्मक आहे आणि त्याला कर्त्याची चाहूल नाही. गाठ सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, घाम सुटतो, कोडे सुटते. हे सुटणे नेहमी सुखाचेच असते असेही नाही. धीर सुटतो, नोकरी सुटते, हात सुटतो. ‘सुट’ला नैतिक बाजू नाही, आधीची पकड राहिली नाही एवढेच तो सांगतो. पकड कोणी सैल केली हे सांगायचे असेल तर ‘सोडणे’, ‘सोडवणे’ असे दुसरे रूप घ्यावे लागते. आणि ‘सुटका’ हे नाम तर असे सोयीचे, की ‘सुटका झाली’ म्हटले की सुटणारा स्वतः निसटला की त्याला कोणी सोडले, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

दोन सुटका

या संदिग्धतेचे सर्वांत ठळक उदाहरण प्रत्येक मराठी मुलाने शाळेत वाचलेले आहे. १६६६ सालच्या मे महिन्यात शिवाजीमहाराज आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारात गेले, नजरकैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये पहारे चुकवून निसटले. या प्रसंगाचे मराठी नाव ‘आग्र्याहून सुटका’. कोणीही त्यांना सोडले नव्हते. ‘पलायन’ हा शब्द मराठीला ठाऊक होता, पण त्यात पाठ दाखवून पळण्याचा गंध आहे. म्हणून तो या प्रसंगाला लागला नाही. ‘सुटका’ हा शब्द येथे कर्ता झाकत नाही, उलट त्याची गरजच ठेवत नाही. ज्याची सुटका तोच तिचा कर्ता, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

एक्केचाळीस वर्षांनंतर त्याच घराण्यात दुसरी सुटका झाली. संभाजीमहाराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती सापडले. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि त्याचा पुत्र आझमशहा याने उत्तरेकडे वारसायुद्धाला निघताना वाटेत शाहूंना सोडले. यालाही आपण ‘शाहूची सुटका’ असेच म्हणतो. परंतु येथे सोडणारा अगदी स्पष्ट आहे आणि त्याचा हेतूही. शाहू दक्षिणेत परतले की ताराबाई आणि शाहू यांच्यात मराठी दौलत विभागली जाईल, हा तो हिशेब होता. तो खराही ठरला. ताराबाईंच्या पक्षाने परत आलेला शाहू हा तोतया असल्याचे म्हटले, त्याच वर्षी खेडला लढाई झाली, आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या कायम झाल्या. शिवाय ही सुटका अर्धीच होती. येसूबाई ओलीस राहिल्या. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून परतले तेव्हा त्या स्वराज्यात आल्या. म्हणजे पुत्राच्या सुटकेनंतर आईची सुटका व्हायला बारा वर्षे लागली.

एकच शब्द, पण एका ठिकाणी तो स्वतःच्या बुद्धीने तोडलेल्या बंधनाचे नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी शत्रूच्या डावपेचाचे. दुसऱ्या प्रकारच्या सुटकेत सोडणाऱ्याचा हात सुटलेल्याच्या खांद्यावर राहतो, हे शाहूंच्या पुढील कारकिर्दीतही दिसते. मोगल बादशाहीचे नाममात्र वर्चस्व त्यांनी शेवटपर्यंत नाकारले नाही. याची कारणे अनेक आहेत. पण सुटकेचा प्रकार हे त्यांपैकी एक मानायला हरकत नाही.

संतांचा नकार

राजकारणात ‘सुटका’ चालत होती त्या काळात ‘मुक्ती’ हा शब्द बहुतांशी परमार्थाच्या ताब्यात होता. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींची चर्चा मराठी संतवाङ्मयात वारंवार येते. मात्र वारकरी परंपरेचे वैशिष्ट्य असे की ती मुक्तीची चर्चा करते आणि शेवटी तिला नाकारते. तुकारामांच्या सर्वांना पाठ असलेल्या मागणीत मुक्ती आणि धनसंपदा या दोहोंना एकाच नकारात बसवले आहे, संतसंग मागितला आहे आणि त्यासाठी पुन्हा गर्भवास पत्करला आहे.

या नकाराकडे केवळ भक्तीची पराकाष्ठा म्हणून पाहिले जाते. आपल्या प्रश्नाच्या अंगाने त्यात आणखी काही दिसते. मुक्ती ही ‘दिली जाणारी’ वस्तू आहे. देणारा मोठा आणि घेणारा लहान. भक्त जेव्हा ती घेत नाही, तेव्हा तो देणाऱ्याशी असलेले नाते बदलतो. देवालाच ऋणात ठेवण्याची जी लडिवाळ भाषा संतांच्या ठायी आढळते, तिचे मूळ या नकारात आहे.

पण हा नकार सर्वांना सारखा परवडणारा नव्हता. चोखामेळ्याचे उदाहरण घ्यावे. परंपरा सांगते की मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर वेठीने राबताना भिंत कोसळली आणि त्यात इतर मजुरांसह चोखोबांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी आहे. मुक्तीच्या चारही पायऱ्या ज्याला खुल्या मानल्या गेल्या, त्याला देवळाची एक पायरी ओलांडता आली नाही. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर. आध्यात्मिक मुक्ती आणि वेठबिगारी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी शेकडो वर्षे नांदू शकतात, हे मराठी समाजाने पाहिले होते. म्हणून या शब्दाचा अर्थ बदलणे कोणाला तरी भाग होते.

केडगाव आणि दादर

तो बदलण्याच्या प्रयत्नांतील एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे दौंडजवळचे केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. तेथील धर्मांतरांवरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावास आणल्या. तेथे उभ्या राहिलेल्या वसाहतीचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले.

हे नाव विचारपूर्वक ठेवलेले आहे. ख्रिस्ती मराठीत आत्म्याच्या उद्धाराला ‘तारण’ म्हणण्याची रीत आहे. (बाजारात ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू.) संस्कृतज्ञ रमाबाईंनी हिंदू परंपरेतून आलेला शब्द उचलला आणि त्यात दोन अर्थ एकत्र भरले. एक, ख्रिस्ताने दिलेली मुक्ती. दुसरा, भूक, वैधव्य आणि देहविक्रय यांतून बाईची प्रत्यक्ष सोडवणूक. पहिल्या अर्थात कर्ता परमेश्वर होता. दुसऱ्या अर्थात मात्र शेती, विणकाम, छपाई करून वसाहत चालवणाऱ्या स्त्रियाच हळूहळू कर्त्या होत गेल्या. रमाबाईंच्या टीकाकारांना पहिला अर्थ तेवढा दिसला, आणि चाहत्यांना अनेकदा दुसराच. त्या स्वतः या दोहोंत फरक करत नव्हत्या.

त्याच सुमारास समाजसुधारकांच्या भाषेत दुसरा एक शब्द रूढ होत होता : ‘उद्धार’. स्त्रियांचा उद्धार, अस्पृश्योद्धार, पतितोद्धार. उद्धार म्हणजे वर काढणे. काढणारा काठावर, निघणारा चिखलात. या शब्दात कर्ता झाकलेला नाही. तोच नायक आहे. बोलीने मात्र या शब्दाचा सूड घेतला. मराठीत कोणी आपल्या ‘सात पिढ्यांचा उद्धार केला’ म्हणजे काय केले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादर येथे महार परिषदेपुढे केलेले भाषण वाचायला हवे. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची; तिच्यामागची भूमिका आपल्या लोकांपुढे सविस्तर मांडण्यासाठी हे भाषण होते. त्याचे शीर्षक ‘मुक्ती कोन पथे?’ रचना मराठी नाही. मराठी म्हणेल ‘कोणत्या मार्गाने’. ‘कोन पथे’ हे बंगाली वळण आहे. वंगभंगाच्या काळात याच नावाचे एक पुस्तक बंगालच्या क्रांतिकारकांत प्रसृत होते. ‘युगांतर’ पत्रातील लेखांचे ते संकलन होते. तेथे प्रश्न होता परकीय सत्तेपासून देश मुक्त होण्याचा. दादरला तोच प्रश्न देशातल्या देशात, स्वधर्मीयांपासून मुक्त होऊ पाहणाऱ्या समाजापुढे ठेवला गेला.

लक्षणीय बाब अशी की शीर्षकातला प्रश्न ‘कोणत्या मार्गाने’ असा आहे, ‘कोणाकडून’ असा नाही. उद्धाराच्या भाषेला येथे पूर्ण फाटा दिलेला आहे. भाषणाच्या अखेरीस बाबासाहेब बुद्धाच्या निर्वाणसमयीच्या उपदेशाकडे वळतात. आनंदाला दिलेल्या त्या उपदेशाचे सार इतकेच, की दुसऱ्याच्या आधारावर विसंबू नका, स्वतःच स्वतःचा आश्रय व्हा. ‘मुक्त’ या कर्मणी शब्दाला कर्तरी करण्याचा मराठीतील हा सर्वांत समर्थ प्रयत्न म्हणावा लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तो कृतीत उतरला. पालीत मुक्तीला ‘विमुत्ति’ म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवू. कारण त्याचेच संस्कृत भावंड सरकारी दप्तरात अगदी वेगळ्या वाटेने आले.

मुक्तीच्या तारखा

तत्पूर्वी दिनदर्शिकेकडे पाहू. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९ डिसेंबर हा गोवा मुक्ती दिन. देशाला ‘स्वातंत्र्य’ मिळाले आणि मराठवाड्याला व गोव्याला ‘मुक्ती’, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला प्रश्न जाणवत नाही.

हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा लढा १९३८ पासून चालू होता. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात जात होते. सरहद्दीवरच्या छावण्यांतून तरुण रझाकारांशी लढत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सरकारी भाषेत ही ‘पोलीस कारवाई’ होती. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द राहिला. म्हणजे एकाच घटनेची दोन नावे : ‘मुक्तिसंग्राम’ या नावात कर्ते लोक आहेत, ‘कारवाई’ या नावात कर्ते सरकार आहे. पहिले नाव पुढे रूढ झाले यात लढणाऱ्यांच्या आत्मसन्मानाचा मोठा वाटा आहे. कोणीतरी येऊन आपल्याला सोडवले, एवढीच नोंद इतिहासात राहू नये, ही ती धडपड होती.

तथापि या नावाच्या कक्षेत सर्व माणसे बसत नाहीत. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाठवले होते. त्यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. तेलंगणात याच तारखेवरून आजही वाद होतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ती ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून साजरी केली, तर त्याच दिवशी राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. तेथे शब्दावर भांडण आहे, कारण एक शब्द मान्य केला की ‘कोण, कोणापासून’ याचे उत्तरही मान्य होते.

गोव्याची कथा याच्याशी समांतर जाते. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या क्रांतिकारक संघटनेने स्वतःला ‘आझाद गोमंतक दल’ म्हणवून घेतले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज गोळीबारात माणसे पडली. पण शेवट केला तो डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने. लढणाऱ्यांचा शब्द ‘आझाद’ होता, दिनदर्शिकेत आला तो ‘मुक्ती’. पोर्तुगाल या घटनेला आक्रमण म्हणत राहिला आणि १९७४ मध्ये, तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, त्याने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोमंतकीयांनी स्वतः कर्ता म्हणून निर्णय घेतल्याचा क्षण शोधायचा तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाकडे पाहावे लागते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हे त्यांनी मत देऊन ठरवले. तो दिवस मुक्तीचा म्हणून ओळखला जात नाही. पण व्याकरणाने पाहता स्वातंत्र्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

विमुक्त

आता त्या शब्दाकडे येऊ ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच केला.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जातीचा धंदा जसा बापाकडून मुलाकडे जातो, तसा गुन्हाही जातो, ही त्यामागची धारणा. एखादी जमात अधिसूचनेत आली की तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातींची नोंद झाली, पोलीस पाटलापुढे रोज ‘हजेरी’ देणे आले. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) या हजेरीचा जाच आहे. अनेक कुटुंबांना काटेरी तारांच्या वसाहतींत डांबण्यात आले. सोलापूरची वसाहत त्यांपैकी मोठी. सोलापूरकरांच्या तोंडी त्या भागाचे नाव ‘सेटलमेंट’ असेच राहिले, आणि कुंपणाबाहेर वसवलेल्या वस्तीचे नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे पडले. ‘फ्री’ या शब्दाने पत्ता सांगावा लागणे ही गोष्ट जगात फार ठिकाणी घडली नसेल.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला. इंग्रजीत या जमातींना जे नाव मिळाले त्याचा अर्थ केवळ ‘अधिसूचनेतून काढलेल्या’ असा आहे. ती कचेरीची भाषा आहे आणि तिचा दावा लहान आहे. आपल्या भाषांनी मात्र ‘विमुक्त’ हा शब्द निवडला. ‘वि’ या उपसर्गाने मुक्तीला पूर्णत्व आले : विशेषेकरून मुक्त, संपूर्ण मुक्त. बुद्धाच्या ‘विमुत्ति’चे हेच भावंड. कायद्याने फक्त यादी फाडली होती. शब्दाने मोक्षाइतके मोठे आश्वासन दिले.

त्या दोहोंतले अंतर लवकरच दिसले. जमातीला गुन्हेगार म्हणता येईना, तेव्हा ‘सराईत गुन्हेगार’ ही व्यक्तीला लावायची संज्ञा पुढे आली. मुंबई राज्याचा या विषयावरील अधिनियम १९५९ चा, म्हणजे ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षीचा. गावात चोरी झाली की पोलीस ज्या पालांवर जात होते त्याच पालांवर जात राहिले. या जमातींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी बाळकृष्ण रेणके आणि त्यानंतर भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमले गेले. रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द करताना, विमुक्त जमातींकडे ‘सराईत’ म्हणून पाहण्याच्या रीतीचीही दखल घ्यावी लागली. संपूर्ण मुक्त झाल्याच्या बहात्तर वर्षांनंतर.

महाराष्ट्रात ‘विमुक्त जाती’ हा स्वतंत्र प्रवर्ग आहे. त्यात चौदा जमाती असून त्यांना तीन टक्के आरक्षण आहे. हा प्रवर्ग आवश्यक आहे यात शंका नाही. तरी त्याचे नाव काय सांगते हे पाहावे. ज्याला हक्क मागायचा आहे त्याला दरवेळी दाखल्यावर लिहून द्यावे लागते, की आपण ‘सोडले गेलेले’ आहोत. पूर्वीचे बंधन या नावातून जात नाही, ते त्यात जतन होते. शिवाय ही मुक्ती प्रांतागणिक बदलते. बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जातीचा, तेलंगणात अनुसूचित जमातीचा. २०२५ च्या सप्टेंबरात बंजारा समाजाने हैदराबाद संस्थानाच्या गॅझेटचा दाखला देत अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली. ज्या राजवटीपासून मराठवाडा मुक्त झाला, तिच्याच दप्तरात आपली अधिक न्याय्य नोंद आहे, असे मुक्त झालेल्यांना वाटावे, यात ‘मुक्ती’ या शब्दाच्या मर्यादेची मोठी कबुली आहे.

साहित्याने काय केले? लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये ‘उचल्या’. भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’. सरकारने दिलेला उदात्त शब्द यांपैकी कोणीच शीर्षकात घेतला नाही. ज्या शब्दाने समाज हाक मारत होता, तोच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. ‘विमुक्त’ म्हटले असते तर कर्ता कोणी दुसरा झाला असता. ‘उचल्या’ हा हिणवण्याचा शब्द लेखकाने स्वतःच्या सहीसह छापला, की तो उच्चारणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवर चर्चा करताना त्यांतील अनुभवाची दाहकता वारंवार सांगितली जाते. नामकरणाचे हे राजकारण तितकेसे तपासले जात नाही. वर्गात ही पुस्तके शिकवताना शीर्षकापासून सुरुवात करायला हवी.

मोकळा

‘मुक्त’ या संस्कृत शब्दाला मराठीच्या घरात आणखी एक रूप मिळाले आहे. प्राकृतात ‘मुक्त’चे ‘मुक्क’ झाले, त्याला स्वार्थी ‘ल’ लागला आणि मराठीत ‘मोकळा’ आला. अर्थात व्युत्पत्तीने ‘मोकळा’ हाही ‘सोडला गेलेला’च. परंतु वापरात पाहावे : मोकळे रान, मोकळी हवा, मोकळे बोलणे, मोकळे केस, मनाचा मोकळेपणा. यांपैकी कोठेही सोडणाऱ्याची आठवण नाही, पूर्वीच्या बंधनाचाही वास नाही. मोकळ्या हवेला कोणी मोकळे केले हे विचारावेसे वाटत नाही. शतकानुशतके बोलणाऱ्यांच्या तोंडात फिरताना या शब्दातला कर्ता झिजून गेला, आणि कर्मणी शब्द निखळ विशेषण होऊन बसला.

कर्जमाफी आणि कर्जमुक्ती यांच्यातला वाद, स्त्रीमुक्ती या शब्दाची चळवळीत झालेली प्रतिष्ठा आणि चळवळीबाहेर झालेली थट्टा, यांचाही विचार याच अंगाने करता येईल. माफी अपराध्याला देतात, आम्ही अपराध केलेला नाही, हा शेतकरी चळवळीचा युक्तिवाद मुळात व्याकरणाचाच आहे. त्याचा विस्तार येथे करत नाही.

शब्दांचा इतिहास लिहिताना आपण सहसा मुळाकडे जातो. ‘मुक्त’च्या बाबतीत पुढे पाहणे अधिक उपयोगी वाटते. ‘विमुक्त’ पासून ‘मोकळा’ पर्यंतचे अंतर भाषेने एकदा कापून दाखवले आहे. त्यासाठी तिला कायदा करावा लागला नाही, पण वेळ मात्र पुष्कळ लागला. सोलापूरच्या एखाद्या वस्तीतला मुलगा आपला पत्ता सांगताना ‘फ्री’ हा शब्द उच्चारतो आणि त्याला किंवा ऐकणाऱ्याला त्यात काहीच ऐकू येत नाही, असे होण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इतिहास विसरला जाणे. दुसरा, इतिहास माहीत असूनही त्याचा भार न उरणे. पहिला मार्ग सोपा आहे आणि आपण बहुधा त्याच वाटेवर आहोत. मोकळे होणे म्हणजे दुसरा.